थांबल्या तर तिच्या

प्रेमदासभाऊ निवृत्त झाले तेव्हा संस्थेच्या वार्तापत्रात चार ओळी छापून आल्या. 'एकोणतीस वर्षे निष्ठेने सेवा. मनमिळाऊ स्वभाव. पेशीसंवर्धन विभागात मोलाचे योगदान. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.' त्या ओळी मीच लिहिल्या होत्या, त्यामुळे त्यांचा राग आला तरी तो माझ्यावरच येऊन पडतो. मनमिळाऊ म्हणे. पेशी वाढवायच्या फ्लास्कचं झाकण कुणी टेबलावर टेकवलं तर हा माणूस हातावर चापट मारायचा, मग तो हात विद्यार्थ्याचा असो की संचालकांचा. माझ्याही हातावर दोनदा बसली आहे. चार ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे. संस्थेचं नाव मात्र लिहीत नाही, कारण यात चूक झाली आणि ती जितकी त्यांची तितकीच माझी होती.

वर्ध्याच्या बाहेर, कपाशीची शेतं जिथे सुरू होतात तिथे आमची प्रयोगशाळा आहे. मी तिथे पंचवीस वर्षं माणसाच्या पेशी वाढवल्या. खरं तर 'वाढवल्या' हे मी कागदावर म्हणायचं. वाढवल्या प्रेमदासभाऊंनी. सिंदी रेल्वेजवळच्या खेड्यातला हा दहावी पास माणूस चौऱ्याण्णव साली बाटल्या धुवायला लागला. बाटल्या धुता धुता बघत राहिला आणि पाचेक वर्षांत पीएच.डी.च्या मुलांना शिकवायला लागला. पेशी वाढवणं हे भाकरी थापण्यासारखं हाताचं काम आहे, पुस्तक वाचून येत नाही. फ्लास्कमधल्या गुलाबी पाण्याला, म्हणजे पेशींच्या अन्नाला, आम्ही मीडिया म्हणतो. पेशींनी ते खाऊन संपवलं की ते पिवळं पडत जातं. प्रेमदासभाऊ दारातूनच रंग बघून सांगायचे की कुणाला भूक लागली आहे आणि कोण आजारी आहे.

त्यांचा एक नियम नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोंडपाठ करावा लागे. दोन माणसांच्या पेशींना एका बाटलीतलं मीडिया द्यायचं नाही. प्रत्येकाची बाटली वेगळी, नळी वेगळी, वेळ वेगळी. कारण एका फ्लास्कमधली एकच पेशी नळीच्या टोकाला चिकटून बाटलीत गेली आणि तिथून दुसऱ्या फ्लास्कमध्ये उतरली, तर ती तिथे संसार थाटते. जी जास्त वेगानं वाढते ती महिन्याभरात दुसरीला संपवून टाकते, आणि कुणाला कळतही नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली, आम्ही त्याला दुर्बीणच म्हणतो, दोघी सारख्याच गोल. प्रेमदासभाऊ हे सांगून झालं की म्हणत, "मानसाची बाटली वेगळी ठेवली तं पाप. पेशीची एकत्र केली तं पाप. हे दोन उलटेपालटे नोका करू." त्यांच्या वडिलांना शाळेत वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं. त्यामुळे हे वाक्य ते हसत म्हणत असले तरी ऐकणारी मुलं हसत नसत.

पंचफुला त्यांची बायको. समुद्रपूरकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि दिवसभर बोलायची. ती कुणाचं ऐकून घेत नाही अशी प्रेमदासभाऊंची तक्रार होती, पण ती तक्रार ते इतक्या प्रेमानं करायचे की कुणाला खरी वाटत नसे. दोन हजार पंधराच्या पावसाळ्यात तिच्या मानेत गाठ आली. लसिका ग्रंथीचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलं तर हिनं दवाखान्यातच ठेचा मागवला. गाठीचा आणखी एक तुकडा तपासायला काढायचा होता. आमच्याकडे असे तुकडे यायचे, त्यातल्या पेशी वाढवून बघायला. मी प्रेमदासभाऊंना विचारलं नाही. मला धीर झाला नाही. पंचफुलानंच सांगून पाठवलं. घ्या म्हणावं, मला त्या गाठीचा काय उपयोग. संमतीच्या कागदावर तिनं सही केली, वाचून, प्रत्येक ओळीवर डॉक्टरांशी भांडून.

तो तुकडा बर्फाच्या डब्यात घालून प्रेमदासभाऊंनी स्वतः आणला, स्कूटरवर, डबा दोन पायांच्या मध्ये धरून. रजिस्टरात त्याला नंबर मिळाला पी-११. नियमानं नाव लिहायचं नसतं.

अशा दहा तुकड्यांतले नऊ मरतात. पी-११ जगल्या. पहिले तीन आठवडे काही हललं नाही, मग पेशींचे छोटे छोटे घोस दिसायला लागले. प्रेमदासभाऊ दवाखान्यात जाऊन तिला सांगत, आज इतक्या झाल्या, आज तितक्या. ती म्हणायची की इथे मी वाळत चालले आणि तिथे मी वाढत चालले, हे काय न्यायाचं आहे. एकदा मी तिला भेटायला गेले होते तेव्हा तिनं माझा हात धरला.

"मॅडम, हे येडे हायेत. मी गेल्यावर त्या बाटलीशी बोलत बसतीन. बोलू द्याजा."

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात ती गेली. प्रेमदासभाऊ सातव्या दिवशी कामावर आले. आल्या आल्या हात धुतले आणि पी-११ला मीडिया दिलं. मी त्यांना बोलू दिलं.

आता इंटरफेरॉनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच फिरलं. विषाणू एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी शेजारणींना इंटरफेरॉन नावाचं प्रथिन पाठवते. ते शेजारणीच्या अंगाला बाहेरूनच लागतं, आत जात नाही. आत जातात ती दुसरीच प्रथिनं. ती पेशीच्या दाराशी रिकामी बसलेली असतात. बाहेर इंटरफेरॉन लागलं की त्यांच्यावर खूण उमटते, जोडी जमवून ती पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथल्या जनुकांवर जाऊन बसतात. कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे तीच ठरवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती आत बसली की वाढीची जनुकं गप्प होतात आणि पेशीचं एकाचं दोन होणं थांबतं. कर्करोगाच्या काही पेशीसुद्धा हे ऐकतात. काही ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत, या एका प्रश्नात माझं आयुष्य गेलं, आणि फार काही हाती लागलं असंही नाही.

पी-११वर इंटरफेरॉन आम्ही सतराच्या जानेवारीत घालून पाहिलं. अर्ध्या तासात ती प्रथिनं केंद्रकात गेली. आम्ही त्यांना हिरवा रंग लावतो. आधी हिरवं सगळ्या पेशीभर पसरलेलं असतं, नंतर मधोमध एका ठिपक्यात गोळा होतं. तीन दिवसांत पेशींची वाढ थांबली. मी प्रेमदासभाऊंना दुर्बिणीतून दाखवलं आणि वर दिलं आहे तसंच सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ बघत होते.

"हे तं माह्या आजाचं काम, मॅडम," ते म्हणाले. "मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जाचा. लोकं सांगावा ऐकत अन् चूल इझवत. पन त्याले दारातच उभं ठेवत, आत याची मनाई. छप्पन सालानंतर माह्या बापानं ते काम सोडलं. तुमचा हा सांगाव्या तं थेट आतल्या खोलीत जाऊन बसते."

मग त्यांनी मला विचारलं की ज्या थांबल्या त्यांचं काय होणार. मी सांगितलं की त्या जातील, पण मूळ फ्लास्क वेगळा आहे, त्याला हात लावलेला नाही. ते ठीक आहे म्हणाले. त्याच आठवड्यात आम्ही पी-११च्या दहा कुप्या भरून द्रव नायट्रोजनच्या पिंपात गोठवून ठेवल्या. तिथे पेशी कितीही वर्षं राहतात. कुप्यांवरचं अक्षर प्रेमदासभाऊंचं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात एक पिंप खराब झालं आणि नऊ कुप्या गेल्या. दहावी कशी कोण जाणे दुसऱ्या पिंपात पडली होती, ती तेवढी राहिली.

मग वीस साल आलं. टाळेबंदी. मी हिंगणघाटला आईकडे अडकले. प्रेमदासभाऊंना पास मिळाला, ते रोज सायकलनं जाऊन पेशी सांभाळत. मीडियाच्या बाटल्या कुरियरनं येत, त्या बंद झाल्या. एप्रिलच्या मध्यावर शेवटची एक बाटली उरली. तेव्हा पेशींच्या दोन मालिका, म्हणजे एकेका माणसाच्या पेशींपासून वाढत आलेले दोन वंश, जिवंत होत्या. एक पी-११. दुसरी आमच्याकडे फार वर्षांपासून असलेली, परदेशातून आलेली, पेशी मोजायला शिकवण्यासाठी ठेवलेली. ती कुणाच्या शरीरातून घेतली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलं तिला 'पाहुणा' म्हणत. पाहुणा भराभर वाढायचा आणि भराभर खायचा. मी फोनवर सांगितलं की पाहुणा टाकून द्या, तो पुन्हा मिळेल, बाटली पी-११ला पुरवा. प्रेमदासभाऊ हो म्हणाले.

मे महिन्यात मी परत आले तेव्हा दोन्ही फ्लास्क गुलाबी होते. मी म्हटलं, अरे वा, दोन्ही टिकले. कसे टिकले हे विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं.

पेशी ज्याच्या म्हणतो त्याच्याच आहेत ना, हे बघायला दर वर्षी डीएनए तपासून घ्यावं लागतं. मुलांना मी हे व्याख्यानात सांगते. स्वतः मात्र ती तपासणी एकवीस साली पुढे ढकलली, बावीस सालीही ढकलली. पी-११ तर आमच्याच घरच्या, त्यांची काय ओळखपरेड घ्यायची, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

एकवीसच्या डिसेंबरात त्यांच्या मुलीचं, पौर्णिमाचं, लग्न झालं. मुलगा पुलगावचा. लग्नाच्या पत्रिका आल्यावर पहिली विहारात ठेवली आणि दुसरी घेऊन प्रेमदासभाऊ आणि पौर्णिमा प्रयोगशाळेत आले. मी बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही. त्या दिवशी सोडलं. पौर्णिमानं पायातलं काढलं, जे काढायची गरज नव्हती, आणि दुर्बिणीला डोळा लावला. तिला काय दिसलं असेल मला माहीत आहे: शंभर-दोनशे गोल गोल दाणे, काही जोडीनं, काही दुभंगायच्या बेतात. ती खूप वेळ बघत राहिली. मग डोळा न काढताच हळू आवाजात म्हणाली, "आई, येजो." ती पत्रिका प्रेमदासभाऊंनी पेशींच्या उबदार कपाटावर ठेवली आणि पुढे दीड वर्ष ती तिथेच होती. महिन्यातून एकदा कपाट पुसताना ते ती उचलत, पुसून झालं की परत ठेवत.

तेवीस साली धनंजय माझ्याकडे पीएच.डी. करत होता. समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पंचफुलाच्या माहेरच्या बाजूचा, म्हणून प्रेमदासभाऊ त्याला साळा म्हणून चिडवायचे. त्यानं पी-११वर पुन्हा इंटरफेरॉन घातलं आणि धावत माझ्या खोलीत आला. पेशी थांबत नव्हत्या. त्यानं तीनदा करून पाहिलं, पाचदा करून पाहिलं. हिरवं केंद्रकात जातच नव्हतं, दाराशीच पसरून राहत होतं. सहा वर्षांपूर्वी ज्या पेशी ऐकत होत्या त्या आता ऐकेनाशा झाल्या होत्या.

मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. पेशी इंटरफेरॉनला जुमानायचं कशा सोडतात, नेमका हाच माझा प्रश्न, आणि उत्तर माझ्याच फ्लास्कमध्ये चालून आलं होतं. मी दोन दिवस नीट जेवले नाही, नुसती आकृत्या काढत बसले. प्रेमदासभाऊंना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"ती कवा कोनाचं ऐकत होती, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी गोरसपाकचे, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचे, पुडे आणले आणि अख्ख्या विभागात वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर सांगत की बायकोचा निकाल लागला.

शोधनिबंध छापायला पाठवायचा तर डीएनएचा अहवाल जोडावा लागतो. आता ढकलायला जागा नव्हती. जुलैत अहवाल आला. दोन ओळी वाचून मी तो उलटा ठेवला आणि पुन्हा सुलटा करून वाचला. पी-११ म्हणून पाठवलेल्या पेशींत वाय गुणसूत्र होतं. त्या पुरुषाच्या होत्या. खाली बारीक अक्षरात ज्या जुन्या मालिकेशी जुळतात तिचं नाव होतं. ते पाहुण्याचं नाव होतं.

मी प्रेमदासभाऊंकडे गेले तेव्हा ते धुण्याच्या खोलीत काचेच्या नळ्या लावत होते. वाईट बातमी गोड करून सांगायची कला मला नाही. मी सरळ सांगितलं की फ्लास्कमधल्या पेशी पुरुषाच्या निघाल्या. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की मॅडम, पंचफुला बाई होती, कागदात चुकलं असेल. मी कागद पुढे केला. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण पाहुण्याचं नाव ते वीस वर्षं फ्लास्कवर लिहीत आले होते. त्या नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि स्टुलावर बसले.

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. टाळेबंदीत त्यांनी पाहुण्याला टाकलं नव्हतं. शेवटची एक बाटली बावीस दिवस दोघांना पुरवली होती. नळी दर वेळी नवी घेतली, पी-११ला आधी द्यायचं आणि पाहुण्याला नंतर, असं रोज केलं. एखाद्या दिवशी कुठेतरी हात चुकला असेल. कुठल्या दिवशी ते त्यांना आठवत नव्हतं आणि आठवायचा ते इतका प्रयत्न करत होते की बघवेना.

मी ओरडले. नियम तुम्ही शिकवता आणि तुम्हीच मोडता, मी टाकून द्या म्हटलं होतं, का नाही टाकला, असं बरंच काही. माझा आवाज बाहेर व्हरांड्यात गेला असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याचंबी कोनी असन ना, मॅडम," ते म्हणाले. "आपल्याले नाव माईत नाई म्हनून उपाशी मारू का?"

मी दाराकडे वळले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारावा तसं.

"मंग माही पोरगी येजो म्हने, ते कोनाले म्हने?"

ते दहा दिवस कामावर आले नाहीत. एकोणतीस वर्षांत त्यांनी इतकी सलग रजा कधी घेतली नव्हती. कपाटावरची पत्रिका मी काढून माझ्या खणात ठेवली, मग मला ते बरोबर वाटेना, म्हणून परत कपाटावर ठेवली. धनंजयची तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती, पण पोरगा गुणाचा, त्यानं तक्रारीचा शब्द काढला नाही. एकदाच म्हणाला की मॅडम, दहावी कुपी आहे. मी त्याला गप्प केलं. ती कुपी काढायची की नाही हे ठरवायचा हक्क माझा नव्हता.

अकराव्या दिवशी प्रेमदासभाऊ आले आणि पिंपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना भीती होती, आणि ती खरी होती. इतर नऊ एका पिंपात आणि ही एकटीच दुसऱ्या पिंपात का, याचा पत्ता लागत नव्हता. अक्षर त्यांचं होतं, पण आता त्यांचा स्वतःच्या अक्षरावर विश्वास राहिला नव्हता. त्यात पाहुणा निघाला तर सगळंच संपलं. पंचफुला निघाली तर जगाच्या पाठीवर तिचं जे काही जिवंत होतं ते सगळं त्या करंगळीएवढ्या कुपीत होतं.

त्यांनी ती स्वतः काढली. कोमट पाण्यात धरून हलवली, बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत, मग थेंब थेंब करून नवं मीडिया घातलं. बाटली नवी होती. तिच्यावर त्यांनी नंबर लिहिला नाही, 'पंचफुला' असं नाव लिहिलं. नियमात बसत नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं. निळा रंग घालून मोजल्या तेव्हा शंभरातल्या सात जिवंत होत्या. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही, तशीच चमकत राहते. मेलेल्यांचा डीएनए तपासायला पाठवला. अहवालाला महिना लागणार होता.

त्या सात टक्क्यांनी आठवडाभर तग धरला. थोड्या वाढल्याही. मग रोज निळ्या जास्त दिसायला लागल्या. पेशी फार थोड्या उरल्या की त्यांचं असंच होतं. त्या एकमेकींच्या आधारानं जगतात, विरळ झाल्या की नुसत्या एकटेपणानं मरतात. नवव्या दिवशी मी प्रेमदासभाऊंना खरं ते सांगितलं. सगळ्या एकत्र ठेवून सांभाळल्या तर दहात एखादी शक्यता आहे की पुन्हा उभ्या राहतील. अहवाल यायच्या आत बहुतेक जातील. कुणाच्या आहेत हे त्या जिवंत असताना जाणून घ्यायचा एकच मार्ग होता, इंटरफेरॉन. थांबल्या तर तिच्या. नाही थांबल्या तर पाहुण्याच्या. पण त्यासाठी त्यांचे दोन भाग करावे लागणार होते, एकाला साधं मीडिया आणि एकाला इंटरफेरॉन, आणि इतक्या थोड्या पेशींचे दोन भाग केले की दोन्ही भाग जगण्याची आशा सोडायची.

धनंजय मध्येच म्हणाला की माझ्या प्रबंधासाठी हे करू नका, मी दुसरा विषय घेईन. प्रेमदासभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"साळे, तुह्यासाठी नाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, कागद येईन तवा ती नसन. तीन वर्सं परक्याशी बोललो मी. मले ती जित्ती असताना एकडाव ओळखाची हाय."

प्लास्टिकच्या ताटलीतल्या दोन खणांत पेशी वाटल्या त्याही त्यांनीच. इंटरफेरॉनची नळी मी हातात घेतली होती, ती त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. झाकण लावलं, कपाटात ठेवलं, दार बंद केलं आणि तिथेच उभे राहिले. अर्ध्या तासानं दोन्ही खणांतले दोन दोन थेंब काढून धनंजयनं हिरवा रंग लावला.

आधी मी बघितलं. साध्या खणातल्या पेशींत हिरवं सगळीकडे पसरलेलं होतं. दुसऱ्या काचेवर मोजून तेवीस पेशी होत्या, आणि तेवीसच्या तेवीस पेशींत हिरवं मधोमध गोळा झालं होतं. मी उठून त्यांना जागा दिली.

ते वाकले. खूप वेळ तसेच होते. चष्म्याच्या काचा दुर्बिणीला लागून टक टक आवाज येत होता, तेवढ्यावरून कळलं की ते रडत आहेत.

"सांगावा पोचला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ऐकलं तिनं, मॅडम. कवाच नाई ऐके माहं."

तीन दिवस आम्ही मोजत राहिलो. साध्या खणात थोड्या वाढल्या. इंटरफेरॉनच्या खणात एकही वाढली नाही. सहाव्या दिवशी साध्या खणातल्याही निळ्या झाल्या, आणि आठव्या दिवशी मोजण्यासारखं काही उरलं नाही. प्रेमदासभाऊंनी पौर्णिमाला फोन लावला. मी बाहेर जाऊ लागले तर त्यांनी हातानं बसवलं. ते तिला फोनवर एवढंच म्हणाले की पोरी, आई भेटली होती, आता गेली. पलीकडे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हे खूप वेळ हूं हूं करत होते.

महिन्यानं डीएनएचा अहवाल आला. बाईच्याच पेशी होत्या. मी तो घेऊन गेले तर त्यांनी हातात घेतला नाही. म्हणाले की फाइलीला लावून टाका.

डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मी लवकर आले तर ते हूडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचपेटीसमोर, बसलेले. पुढ्यात पाहुण्याचा फ्लास्क. त्याच्यावरचा पी-११चा जुना कागद खरवडून काढला होता आणि त्याचं खरं नाव लिहिलं होतं. मी म्हणाले की प्रेमदासभाऊ, हा आता कशाला, टाकून द्या, आपल्याकडे याचं काही काम नाही. त्यांनी नळी भरली, पिवळं पडलेलं काढलं, गुलाबी घातलं. बाटली त्याची वेगळी होती.

"तीन वर्सं बायको समजून पोसलं याले," ते म्हणाले. "आता उपाशी कसं ठेवू?"